फिरवलेला फोटो आणि पालटलेला फोटो

पावसाळा सरला की खाडीकाठच्या गावांत छायाचित्रकारांकडे एक काम हमखास येते: घरगुती निवासाची किंवा नौकाविहाराची जाहिरात, आणि तिच्यात संथ पाण्यात पडलेले होडीचे प्रतिबिंब. प्रत्यक्ष फोटो काढतेवेळी वारा सुटलेला असतो, पाणी मोडलेले असते, म्हणून प्रतिबिंब संगणकावर तयार करावे लागते. असे काम मी पहिल्यांदा केले तेव्हा होडीची एक प्रत काढून ती १८० अंशांत फिरवली आणि मूळ होडीच्या खाली जोडली. मला ते चित्र नीट वाटले. होडीच्या मालकाने मात्र ते क्षणभर पाहिले आणि म्हटले, "वरची होडी बंदरात येतेय आणि खालची बाहेर चाललीय." त्यांचे म्हणणे बरोबर होते. वर नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, डावीकडे होती आणि पाण्यात ती उजवीकडे गेली होती.

या चुकीला आपली भाषाही थोडी कारणीभूत आहे, कारण "फोटो उलटा कर" या एकाच वाक्यातून मराठीत दोन वेगळ्या क्रिया सांगितल्या जातात. छापलेला फोटो टेबलावर ठेवून तो जागच्या जागी अर्धा फेरा गोल वळवला, तर ते फिरवणे झाले. संगणकावर याला रोटेट म्हणतात. तोच फोटो उचलून, कागदाची पाठ आपल्याकडे करून, उजेडासमोर धरून आरपार पाहिला, तर ते पालटणे झाले. त्याला फ्लिप म्हणतात. पहिल्या क्रियेत कागदाची तीच बाजू आपल्यासमोर राहते, दुसऱ्या क्रियेत ती बदलते. फोटोशॉपमध्ये एडिट मेनूतील ट्रान्सफॉर्मखाली या आज्ञा एकमेकींच्या शेजारीच असतात, आणि मोफत मिळणाऱ्या गिंपमध्येही त्या ट्रान्सफॉर्म याच नावाखाली सापडतात, त्यामुळे घाईत चुकीच्या आज्ञेवर बोट जाणे सोपे आहे.

फ्लिपच्या नावांतही एक अडचण आहे. फ्लिप हॉरिझॉन्टल म्हणजे आडव्या रेषेभोवती पालटणे, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात या आज्ञेने चित्र आडव्या दिशेने, म्हणजे डावीकडून उजवीकडे पालटते आणि आस उभी असते. भिंतीवरच्या आरशाशी आपण जे रूप जोडतो ते हेच. फ्लिप व्हर्टिकलने वरचे खाली येते, पण डावे डावीकडेच राहते, आणि पाण्यातल्या प्रतिबिंबासाठी नेमके हेच हवे असते. या दोन्ही आज्ञा एकापाठोपाठ एक दिल्या तर चित्र बरोबर १८० अंशांत फिरवल्यासारखे होते, म्हणूनच फिरवलेला आणि पालटलेला फोटो पहिल्या नजरेत सारखा वाटतो.

फरक ओळखायला देवनागरीची शिरोरेषा फार उपयोगी पडते. फोटोत "हर्णै बंदर" अशी पाटी आहे असे समजा. फ्लिप हॉरिझॉन्टल केल्यावर शिरोरेषा वरच राहते, पण "ह" उजव्या टोकाला जातो आणि प्रत्येक अक्षर आरशात पाहिल्यासारखे होते. फ्लिप व्हर्टिकल केल्यावर शिरोरेषा अक्षरांच्या खाली येते, मात्र "ह" डावीकडेच असतो. १८० अंशांत फिरवल्यावर शिरोरेषा खाली येते आणि "ह"ही उजवीकडे जातो. पण आता फोन हातात उलटा धरला की पाटी सरळ वाचता येते. पालटलेली पाटी मात्र फोन कसाही धरला तरी सरळ होत नाही. माझ्या मते खरा भेद इथेच आहे: फिरवलेल्या फोटोत वस्तू तीच असते, फक्त कलंडलेली, पालटलेल्या फोटोत मुळात नसलेली एक दुसरीच वस्तू तयार होते.

अक्षरे असतील तर चूक पकडली जाते. ती नसतील तेव्हा अधिक जपावे लागते, आणि आपल्याकडे सर्वांत जपायचा फोटो गणपतीचा. मांडणीत मूर्तीचे तोंड मजकुराकडे यावे म्हणून कोणी फ्लिप हॉरिझॉन्टल करतो आणि डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो, आशीर्वादाचा हात डावा होतो, मोदक दुसऱ्या हातात जातो. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक मानणाऱ्या घरात अशी निमंत्रणपत्रिका गेली, तर ती छापणाऱ्याला काय ऐकावे लागेल हे कोकणात सांगायला नको. मला स्वतःलाही हा बदल मूर्तिकाराच्या हातावर अन्याय करणारा वाटतो. तीच गोष्ट शंखाची. वेटोळ्याचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरले असता बहुतेक शंखांचे तोंड उजवीकडे असते. फोटो कितीही अंशांत फिरवला तरी वेटोळ्याची दिशा बदलत नाही. एकदा फ्लिप केला की साध्या शंखाचा, दक्षिणावर्ती म्हणून देव्हाऱ्यात जपला जाणारा, दुर्मीळ शंख झालेला दिसतो. उलांडीची, म्हणजे तोल राखायला एका अंगाला लाकूड जोडलेली, होडीही अशीच: पालटली की उलांडी दुसऱ्या अंगाला गेलेली दिसते.

फोन आणि कॅमेरेही हा भेद पाळतात. फोटोच्या फाइलमध्ये दिशेची एक नोंद असते आणि तिची १ ते ८ अशी आठ मूल्ये ठरलेली आहेत. त्यांतली १, ३, ६ आणि ८ ही केवळ फिरवण्याची, तर २, ४, ५ आणि ७ ही पालटण्याची. फोन आडवा किंवा उलटा धरून काढलेल्या फोटोत फिरवण्याच्या चारांपैकीच एखादे येते, कारण हातातला फोन कसाही वळवला तरी त्याने दृश्य पालटत नाही.

आता होडीच्या प्रतिबिंबाकडे वळू. होडीचा थर (लेयर) फोटोशॉपमध्ये कंट्रोल आणि जे या कळांनी दुप्पट करावा, खालच्या प्रतीवर फ्लिप व्हर्टिकल करावे आणि ती सरकवून होडी जिथे पाण्याला टेकते त्या रेषेवर जुळवावी. फोटोच्या कडेशी जुळवू नये. पण पाण्याला स्वतःचे नियम आहेत आणि नुसत्या फ्लिपने ते पाळले जात नाहीत. पाण्यात सरळ खाली पाहिले तर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे २ टक्केच परत येतो, आणि नजर जितकी पाण्याच्या पृष्ठभागालगत जाईल तितका तो वाढत जातो. म्हणून दूरचे प्रतिबिंब ठळक असते, आपल्या पायांजवळचे फिके असते आणि त्यात खाडीचा गढूळ रंग मिसळतो. तेव्हा पालटलेला थर मूळ चित्रापेक्षा थोडा काळोखा करून तळाकडे हळूहळू विरळ करत न्यावा. लाटांमुळे प्रतिबिंब उभ्या दिशेने लांबते, हे रात्री बंदरावरच्या दिव्यांचे पाण्यातले लांबच लांब पट्टे पाहिल्यावर लगेच पटते. त्यामुळे मोशन ब्लर, म्हणजे एकाच दिशेने ओढल्यासारखा पुसटपणा, द्यायचा तर कोन ९० अंशांचा ठेवावा. बरेच जण तो आडवा देतात आणि पाणी पाण्यासारखे दिसत नाही.

याहून अवघड गोष्ट म्हणजे पाणी कॅमेऱ्याला दिसलेले दृश्य पालटून दाखवत नाही. कॅमेरा पाण्याच्या वर जितक्या उंचीवर आहे तितकाच पाण्याखाली असता तर त्याला जे दिसले असते, ते प्रतिबिंबात दिसते. हर्णैच्या किनाऱ्यावरून टिपलेला सुवर्णदुर्ग इतका दूर असतो की या दोन दृश्यांत फारसा फरक पडत नाही आणि फ्लिप चालून जाते. धक्क्यावर उभे राहून जवळच्या होडीचा फोटो काढला तर मात्र वरून होडीच्या आतल्या फळ्या आणि जाळी दिसतात, खऱ्या प्रतिबिंबात दिसते ती बाहेरची बाजू. फ्लिप केलेल्या प्रतीत जाळी पाण्यातही दिसू लागतात आणि रोज खाडीवर जाणाऱ्या माणसाला ते लगेच खटकते. ही चूक कोणत्याही आज्ञेने दुरुस्त होत नाही, कारण होडीची ती बाजू फोटोत तेवढी आलेलीच नसते. म्हणून अशा कामासाठी मी आता भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक आणि पाण्याची ओढ कमी असताना, गुडघाभर पाण्यात उतरतो आणि कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर धरून होडी टिपतो. तिथून होडीचे वरचे रूप आणि पाण्यातले रूप जवळजवळ सारखेच असते आणि एक फ्लिप व्हर्टिकल पुरते.