मुखत्यारपत्र पुरत नाही: आजारपणात आपल्या वतीने निर्णय घेणारा माणूस कसा नेमावा

मुखत्यारपत्र करून ठेवलंय, आता दवाखान्यातही मुलगा सही करेल, असं समजून अनेक कुटुंबं निर्धास्त असतात. पण देणाऱ्याचं मानसिक भान हरपलं की करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे ऐन गरजेलाच ते निरुपयोगी! मृत्युपत्रात लिहिणंही व्यर्थ, ते उघडतात माणूस गेल्यावर.

यासाठी वैद्यकीय पूर्वनिर्देश, म्हणजे लिव्हिंग विल करावं लागतं. बरं होण्याची आशा नसलेल्या आजारात, स्वतः निर्णय घेता येत नसेल तेव्हा ते लागू होतं. साध्या ऑपरेशनच्या संमतीसाठी ते नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीची अट घातली. आजारी, म्हाताऱ्या माणसांनी कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या! ही अट निघायला २४ जानेवारी २०२३ उजाडावा लागला. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो.

लिहून देणारा सज्ञान आणि शुद्धीवर हवा, दबाव नको. ठरावीक सरकारी फॉर्म नाही. ओळखपत्रं जवळ ठेवा.

कागद अडतो तो मजकुरावर. "माझे हाल करू नका" एवढं लिहून भागत नाही. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न, यांतलं काय कधी नको किंवा कधी थांबवायचं ते स्पष्ट लिहा. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या नातेवाइकाचं पूर्ण नाव द्या, आणि एकच नको. ऐंशीच्या आजोबांनी फक्त अठ्ठ्याहत्तरच्या आजींचं नाव घातलं तर पुढे कोण? दोन साक्षीदार लागतात, ते शक्यतो घराबाहेरचे घ्या. सही त्यांच्या आणि नोटरीच्या समोरच करायची, घरून करून आणायची नाही. नाशिकमध्ये सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या कोर्टाच्या आवारात नोटरी मिळतात; मात्र नुसता 'खरी प्रत' शिक्का घेऊन परतू नका. कागद स्वखुशीने, समजून केला आहे, असा शेरा हवा.

मग प्रती वाटा. नेमलेल्या प्रत्येकाला आणि फॅमिली डॉक्टरांना द्याच. एक प्रत महापालिकेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे जाते. नाशिकमध्ये शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात वैद्यकीय विभागात चौकशी करा आणि तारखेची पोच घ्या. गावाकडे ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. कपाटात कुलूपबंद कागद रात्री दोन वाजता आयसीयूत कोणाला सापडणार?

वेळ आली तरी नातेवाइकाच्या एका शब्दावर उपचार थांबत नाहीत. आधी रुग्णालयाचं, मग दुसरं वैद्यकीय मंडळ तपासतं. दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर तिथे डॉक्टरांशी भांडणं होतात.

मत बदललं तर लेखी रद्द करता येतं. रद्द न केलेले दोन कागद निघाले तर शेवटी सही केलेला धरतात, म्हणून जुन्या प्रती सगळ्यांकडून परत मागून घ्या.