टॉलरन्स न लिहिलेलं ड्रॉइंग

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका शाफ्टचं, म्हणजे यंत्रातल्या गोल दांड्याचं, ड्रॉइंग काढून शॉप फ्लोअरवर दिलं. व्यास २५ मिलिमीटर, लांबी अमुक, खाच तमुक. अर्ध्या तासात लेथवरचे काका कागद घेऊन परत आले. "साहेब, प्लस-मायनस लिहिला नाही." मी म्हटलं, "पंचवीस म्हणजे पंचवीस. बरोब्बर." काका हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "बरोब्बर पंचवीस मी आजपर्यंत केला नाही. आणि केला असेल, तर मला कळलं नाही."

मापनशास्त्राचा अख्खा धडा त्या दोन वाक्यांत आहे. टूल झिजतं, लोखंड तापतं, यंत्र थरथरतं, आणि मोजणारं साधनही थोडं चुकतंच. त्यामुळे ड्रॉइंगवर नुसतं माप लिहून भागत नाही, त्या मापापासून किती इकडेतिकडे चालेल तेही लिहावं लागतं. तो टॉलरन्स. २५ मिलिमीटरच्या भोकात फिरता शाफ्ट बसवायचा असेल, तर नेहमीच्या एका फिटमध्ये भोक २५.००० ते २५.०२१ चालतं आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३. म्हणजे दोघांमध्ये कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉनची फट राहते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. ही फट मुद्दाम ठेवलेली असते, तेलाला जागा लागते म्हणून. भोक आणि शाफ्ट दोन्ही खरोखरच बरोब्बर २५ निघाले, तर शाफ्ट अडकेल.

कारखान्यात हे समजायला मला आठवडा लागला. घरी वीस वर्षं लागली. भाजीत मीठ कणभर कमी, मुलाच्या चपला उलट्यासुलट्या, वडिलांनी औषधाचं पाकीट भलत्याच खणात ठेवलेलं, हाताखालच्या मुलाच्या ईमेलमध्ये स्पेलिंगची चूक. प्रत्येक ठिकाणी माझं माप ठरलेलं आणि प्लस-मायनस शून्य.

या स्वभावाचा शास्त्रीय अभ्यास फार जुना नाही. परिपूर्णतेचा हव्यास म्हणजे माणूस स्वतःच्या मागे लागतो तो, असंच बराच काळ मानलं जात होतं. १९९१ मध्ये पॉल ह्युविट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी ४५ विधानांची एक प्रश्नावली मांडली आणि या हव्यासाचे तीन प्रकार वेगळे केले. पहिला स्वतःकडून अचूकतेची अपेक्षा करणारा. दुसरा इतरांकडून करणारा. तिसरा म्हणजे 'लोक माझ्याकडून अचूकतेची अपेक्षा करतात' या दडपणाखाली जगणारा. दुसऱ्या प्रकारच्या माणसांमध्ये इतरांना दोष देण्याची आणि हुकमत गाजवण्याची वृत्ती जास्त दिसली. नैराश्याशी आणि आत्महत्येच्या विचारांशी तिसऱ्याचा संबंध वारंवार आढळला आहे. आता दुसरा आणि तिसरा प्रकार शेजारी ठेवून पाहा. घरात एक जण दुसऱ्या प्रकारचा असला, की उरलेल्यांना तिसऱ्यात ढकलायला तो एकटा पुरतो.

अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या १९८९ ते २०१६ या काळातल्या उत्तरांचा थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी एकत्र अभ्यास केला. तिन्ही प्रकार वाढलेले दिसले, सगळ्यांत जास्त तिसरा.

आता खरा प्रश्न. हा स्वभाव सुटत का नाही? करणाऱ्यालाही त्याचा त्रासच होतो. रोज चिडायचं, रोज रक्त आटवायचं. तरी सुटत नाही, कारण आतून ठाम वाटत असतं की याचा उपयोग होतो. रागावलं की माणसं सुधारतात, कौतुक केलं की शेफारतात. अनुभव आहे हो आमचा!

नेमका हाच अनुभव १९६०च्या दशकात इस्रायली हवाई दलाच्या एका प्रशिक्षकाने डॅनियल कानेमन यांना ऐकवला होता. पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले हेच ते कानेमन. तेव्हा ते प्रशिक्षकांना शिकवण्याचं मानसशास्त्र समजावून देत होते, आणि शिक्षेपेक्षा शाबासकी जास्त काम करते असं सांगत होते. एक अनुभवी प्रशिक्षक उठला. त्याचं म्हणणं असं, की विमानाची कसरत छान केली म्हणून मी कौतुक केलं की पुढच्या वेळी ती कसरत बिघडते, आणि खराब केली म्हणून खडसावलं की पुढच्या वेळी सुधारते. तुम्ही आम्हाला उलटं शिकवू नका.

प्रशिक्षकाचं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष साफ चुकला होता. शिकाऊ वैमानिकाची प्रत्येक फेरी त्याच्या सरासरी कौशल्याच्या थोडी वर किंवा खाली पडते. कधी वारा, कधी झोप, कधी नशीब. एखादी फेरी फारच वाईट गेली, तर पुढची तिच्याहून बरी जाण्याची शक्यता जास्त असते, तुम्ही ओरडा किंवा गप्प बसा. फारच चांगली गेली, तर पुढची त्याहून साधारण असण्याची शक्यता जास्त, तुम्ही पाठ थोपटली तरी. कानेमन यांनी तिथेच जमिनीवर खडूने खूण केली आणि प्रत्येक अधिकाऱ्याला खुणेकडे पाठ करून दोन नाणी मागे फेकायला लावली. पहिलं नाणं खुणेजवळ पडलं, त्यांतल्या बहुतेकांचं दुसरं लांब गेलं. पहिलं लांब पडलं, त्यांचं दुसरं जवळ आलं. नाण्यांना कुणी रागावलं नव्हतं.

याला सरासरीकडे परतणं म्हणतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीच्या आकड्यांवरून ते दाखवलं होतं: फार उंच आईबापांची मुलं उंचच निघतात, पण सरासरीने आईबापांइतकी नाही. गणिताच्या पुस्तकात हे निरुपद्रवी वाटतं. घरात शिरलं की ते खोडसाळपणा करतं, कारण आपण रागावतो ते चूक टोकाला गेल्यावर आणि कौतुक करतो (केलंच तर) फारच छान झाल्यावर. त्यामुळे रागाला यशाचा शिक्का आपोआप मिळतो आणि कौतुकाला अपयशाचा. १९८५ मध्ये पॉल शॅफनर यांनी संगणकावर एक काल्पनिक विद्यार्थी तयार केला. तो सकाळी ८:२० ते ८:४० दरम्यान कधीही शाळेत यायचा. प्रयोगात भाग घेणाऱ्यांनी 'शिक्षक' व्हायचं आणि शाबासकी देऊन किंवा रागावून त्याला साडेआठच्या वेळेवर आणायचं. वेळा आधीच ठरलेल्या होत्या, कशाचाही त्यांच्यावर परिणाम होणार नव्हता. तरी ७० टक्के लोकांनी प्रयोगाअंती सांगितलं, की शाबासकीपेक्षा रागावणं जास्त लागू पडतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जेवणाच्या टेबलावर होतो, आणि समोर मुलगा होता. त्या दिवशी मी फार कमी बोललो.

रागाने फायदा होत नसेल, पण तोटा तरी काय, असं वाटू शकतं. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशीनवरचा नवा ऑपरेटर हा तोटा रोज करून दाखवतो. एक जॉब (घडवलेला भाग) ५ मायक्रॉन मोठा निघाला की तो लगेच ऑफसेट, म्हणजे यंत्रातली मापाची सेटिंग, ५ ने कमी करतो. पुढचा ३ ने लहान निघाला की ३ ने वाढवतो. बिचारा फार काळजीने काम करत असतो. आणि यंत्र जितकं आपसूक चुकलं असतं त्याहून जास्त चुकायला लागतं, कारण तो नैसर्गिक चढउताराचा पाठलाग करत असतो. गुणवत्ता नियंत्रणाचे प्रसिद्ध अमेरिकी तज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग हेच नरसाळं आणि गोटी घेऊन दाखवायचे. नरसाळं खुणेच्या वर धरून गोट्या सोडल्या की त्या खुणेभोवती पसरून पडतात. आता प्रत्येक गोटी जितकी चुकली, तितकं नरसाळं उलट दिशेला सरकवा आणि मग पुढची सोडा. पसारा कमी होत नाही, वाढतो. हिशेबाने हा पसारा सुमारे ४१ टक्क्यांनी रुंदावतो. आमचे जुने फोरमन ऑपरेटरला एवढंच सांगायचे: "हात खिशात घाल."

माणसाच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. शाफ्टचं माप निदान कागदावर तरी असतं. आपण माणसांकडून ज्या अपेक्षा करतो त्यांतल्या बऱ्याच कधी उच्चारलेल्याच नसतात. "हे काय सांगायला हवं का?" हे वाक्य ज्या घरात नाही असं मराठी घर मी पाहिलेलं नाही. तर हो, सांगायला हवं. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये एक सोपा प्रयोग केला. काहींनी ओळखीच्या गाण्याचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा, समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. घरी करून पाहा. आपण टेबलावर एखादी आरती वाजवतो तेव्हा आपल्या डोक्यात झांजांसकट सगळा मांडव उभा असतो, समोरच्याला ऐकू येते ती टकटक. आणि आपल्याला त्याचा राग येतो: इतकं सोपं आहे, याला कळत कसं नाही?

त्यापुढची पायरी म्हणजे चुकीवरून स्वभावाचा निकाल. पेला फुटला म्हणजे 'वेंधळी', उशीर झाला म्हणजे 'बेजबाबदार'. परिस्थिती सोडून स्वभावाला धरण्याची ही सवय आपण मोठं होता होता शिकतो, असं दाखवणारा एक अभ्यास आपल्या शेजारच्या म्हैसूरमध्येच झाला. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये म्हैसूर आणि शिकागो इथल्या मुलांना आणि मोठ्यांना ओळखीच्या माणसांच्या चांगल्या-वाईट वागण्याची कारणं विचारली. लहान मुलांच्या उत्तरांत दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. वय वाढत गेलं तशी शिकागोची माणसं स्वभावावर बोट ठेवू लागली, म्हैसूरची परिस्थितीवर. म्हणजे समजून घेणं आपल्याकडे मुरलेलं आहे. मात्र त्याचा लाभ लांबच्यांना जास्त मिळतो आणि घरच्यांना कमी, असं माझं मत आहे. याला पुरावा मागू नका.

"म्हणजे 'चालतंय की' म्हणून सोडून द्यायचं?" हा प्रश्न मला हटकून येतो. 'चालतंय' आणि टॉलरन्स हे एकमेकांचे वैरी आहेत. 'चालतंय' म्हणणाऱ्याकडे माप नसतं. टॉलरन्स लिहिणाऱ्याने आधी विचार केलेला असतो, की हा भाग कुठे बसणार आहे, किती फरकाने काय बिघडेल. बागेच्या फाटकाची बिजागरी आणि ब्रेकचा सिलिंडर यांना एकच मोजपट्टी लावली, तर एक फुकट महाग होईल आणि दुसऱ्याने कुणाचा तरी जीव जाईल. मारहाण, अपमान, फसवणूक, दारू पिऊन गाडी चालवणं यांना प्लस-मायनस नसतो. पण चपलांना असतो. मिठाला तर असतोच, वाटीत आणखी घेता येतं.

ज्या नात्याकडून आपण शंभर टक्के अपेक्षा धरतो, त्या आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यातही सूर सतत जुळलेला नसतो. अमेरिकी संशोधक एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई-बाळांच्या समोरासमोरच्या खेळाची चित्रफीत क्षणाक्षणाने तपासली. निरोगी, प्रेमळ जोड्यांतही दोघांचे भाव जुळलेले असण्याचा काळ जेमतेम ३० टक्के निघाला. उरलेला वेळ चुकामूक आणि तिची दुरुस्ती. बाळ मान वळवतं, आई थांबते, पुन्हा हसते, बाळ परत वळून पाहतं. बिघडलेलं पुन्हा जुळतं हे बाळ तिथेच शिकतं, असं ट्रॉनिक यांचं म्हणणं. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी त्याआधीच 'पुरेशी चांगली आई' हा शब्द वापरला होता. अशी आई सुरुवातीला बाळाची जवळजवळ प्रत्येक गरज भागवते आणि ते मोठं होईल तसतशी थोडी थोडी कमी पडत जाते. विनिकॉटच्या मते बाळाच्या वाढीसाठी हे कमी पडणं लागतंच.

मी स्वतः काय केलं, तर धंद्यातलंच हत्यार घरी आणलं. अमेरिकी अभियंते वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये कारखान्यासाठी एक तक्ता सुचवला होता. रोजची मापं मांडायची, त्यांच्या चढउतारावरूनच वरची आणि खालची रेघ काढायची. रेघांच्या आत जे हलतं ती यंत्राची नेहमीची चाल, तिथे हात खिशात. बाहेर गेलं तर काहीतरी वेगळं घडलंय, ते शोधायचं. मुलाचा क्लास सातला सुटतो. चोवीस दिवस मी तो घरी यायची वेळ वहीत लिहिली, तोंडाने काही न बोलता. सरासरी ७:२४. रेघा आल्या ७:०५ आणि ७:४३ वर. म्हणजे ज्या ७:४० वर मी इतकी वर्षं दारात उभा राहून ओरडत होतो, ती त्याची नेहमीचीच चाल होती. पाचव्या आठवड्यात एकदा ८:३५ झाले. "किती वाजले?" असं न विचारता मी "काय झालं?" विचारलं. मित्राच्या वडिलांना दवाखान्यात नेलं होतं, तो त्याच्याजवळ थांबला होता.

तक्ता मी अभिमानाने बायकोला दाखवला. तिने तो नीट पाहिला, रेघा कशा काढतात ते विचारून घेतलं आणि वहीतलं एक कोरं पान मागितलं. म्हणाली, "तुम्ही फोनवर 'निघालोच' म्हणता ना, तेव्हापासून दारात येईपर्यंतची मिनिटं लिहून ठेवते."

पहिल्या आठवड्याचे आकडे इथे देत नाही.