दैनंदिन जीवनातील हरित क्लृप्त्या

दैनंदिन जीवनातील हरित क्लृप्त्या : स्वयंपाक, साठवण, उजेड, पाणी आणि कचरा यांच्याशी निगडित नेहमीची कामे कमी ऊर्जेत, कमी पाण्यात किंवा कमी मालात उरकणारी साधी साधने व पद्धती. मोठे सौर प्रकल्प, विजेवरच्या मोटारी असे भांडवली उपाय यांत सहसा धरत नाहीत. चांगल्या क्लृप्तीच्या दोन खुणा सांगता येतील. निसर्गनियमाने जे आपोआप घडते त्यालाच ती कामाला लावते, आणि ती वापरण्यासाठी माणसाला रोज नव्याने निश्चय करावा लागत नाही. पहिली खूण असून दुसरी नसेल, तर कल्पना बहुधा कौतुकापुरतीच उरते.

पाण्याची वाफ होण्याची क्रिया पाहिली की यांतल्या बऱ्याच क्लृप्त्या एका सूत्रात येतात. एक लिटर पाणी २० अंश सेल्सिअसपासून उकळीपर्यंत तापवायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. उकळलेले तेच पाणी पूर्ण आटवायला सुमारे २,२५७ किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ सातपट. उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांच्या फारसे पुढे तापत नाही. त्यामुळे उकळी फुटल्यावरही आच मोठी ठेवली तर जास्तीची उष्णता वाफेबरोबर निघून जाते आणि अन्न काही लवकर शिजत नाही. झाकण ठेवून आच मंद करणे ही म्हणूनच सर्वांत स्वस्त हरित क्लृप्ती होय. तिच्यात विकण्यासारखे काही नसल्याने तिचा गवगवा मात्र होत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे उष्णता राखणारी पेटी. पदार्थाला उकळी आणून भांडे गच्च झाकायचे आणि सुकलेले गवत, लोकर किंवा जाड गोधडी भरलेल्या खोक्यात ठेवून द्यायचे. उरलेले शिजणे साठलेल्या उष्णतेवर होते. दुसऱ्या महायुद्धात इंधनटंचाईमुळे ब्रिटनमध्ये अशा गवताच्या पेट्यांचा प्रचार झाला होता. पद्धत निर्धोक राहण्यासाठी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. अन्न ६० अंशांच्या खाली फार वेळ राहिले तर त्यात जंतू वाढतात, म्हणून भांडे जवळजवळ भरलेले असावे आणि मधे मधे उघडून पाहू नये. दुसरे, राजम्यातील नैसर्गिक विषद्रव्य मंद उष्णतेने नष्ट होत नाही. तो भिजवून, ते पाणी टाकून, पेटीत ठेवण्यापूर्वी किमान १० मिनिटे खळखळून उकळावा लागतो. हौशी माहितीपत्रकांत ही अट अनेकदा गळते.

पाण्याची वाफ होताना जी उष्णता शोषली जाते तिला सुप्त उष्णता म्हणतात. चुलीवर जी सुप्त उष्णता वाया जाते, तीच माठात थंडावा निर्माण करते. पाणी झिरपून पृष्ठभागावर येते, हवेत विरते आणि जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. नायजेरियातील मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने १९९० च्या दशकात हेच तत्त्व भाजीपाला टिकवण्यासाठी वापरले. मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवायचे, मधल्या फटीत ओली वाळू भरायची, तोंडावर ओले फडके टाकायचे आणि वाळू सुकू द्यायची नाही. तीन दिवसांत खराब होणारी वांगी त्याच्या प्रयोगांत २७ दिवस टिकली. या कामासाठी त्याला २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. तत्पूर्वी वीज नसलेल्या गावांत रोजचा माल रोजच विकणे भाग होते. मडक्यांमुळे तो राखून ठेवता येऊ लागला. मर्यादाही त्याच तत्त्वातून येते. दमट हवेत बाष्पीभवन मंदावते आणि मडके निरुपयोगी ठरते. कोरड्या प्रदेशातले यश पाहून समुद्रकाठी असे प्रयोग मांडणारे या साध्या बाबीकडे दुर्लक्ष करतात.

उजेडाच्या बाबतीत दोन टोकांची उदाहरणे आहेत. ब्राझीलमधील मेकॅनिक आल्फ्रेदो मोझेर याने २००२ मध्ये, वीज वारंवार जाण्याच्या काळात, दोन लिटरची प्लास्टिकची बाटली छतातला दिवा म्हणून वापरली. बाटलीत स्वच्छ पाणी भरून शेवाळ धरू नये म्हणून दोन झाकणे ब्लीच घालतात. पत्र्याला भोक पाडून बाटलीचा वरचा भाग उन्हात आणि उरलेला खोलीत राहील अशी ती बसवतात. भोकातून थेट आलेले ऊन जमिनीवर नुसता एक कवडसा पाडते. पाण्यात वाकलेला प्रकाश मात्र चहूबाजूंना पसरतो. भर उन्हात एका बाटलीचा उजेड ४० ते ६० वॅटच्या जुन्या बल्बाइतका पडतो. फिलिपिन्समध्ये २०११ पासून ‘लिटर ऑफ लाइट’ या चळवळीने ही कल्पना वस्त्यावस्त्यांत नेली. खरे कौशल्य बाटलीत नसून पत्र्याच्या सांध्यात आहे. तो फटी बुजवण्याचा लगदा भरून नीट बंद केला नाही, तर पहिल्याच पावसात घर गळते आणि लोक बाटली काढून टाकतात. रात्री ती अर्थातच निरुपयोगी. पुढे त्यामुळे सौर पट्टी व एलईडी जोडलेले प्रकारही आले.

दुसरे टोक प्रयोगशाळेतले. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीमुळे पांढरा दिवा शक्य झाला आणि त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले. तारेचा बल्ब दर वॅटमागे सुमारे १६ ल्युमेन (उजेड मोजण्याचे एकक) देतो. एलईडीने तोवर ३०० ल्युमेनचा टप्पा गाठला होता. एकदा दिवा बदलला की बचत होत राहते, आठवण ठेवावी लागत नाही.

फ्लशच्या टाकीला दोन बटणे देण्याची कल्पनाही याच जातीची. ब्रूस थॉम्पसन याने कॅरोमा कंपनीसाठी १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात ती प्रत्यक्षात आणली, तेव्हा पूर्ण फ्लशला ११ आणि अर्ध्याला ५.५ लिटर पाणी लागे. पुढे हे प्रमाण साडेचार व तीन लिटरपर्यंत उतरले. मात्र आतला पडदा झिजून टाकी सतत झिरपू लागली, तर ही सारी बचत मुकाट्याने वाहून जाते.

बंद दिसणारी उपकरणेही थोडी वीज खातात. दर रात्री सगळे प्लग काढा, हा सल्ला फार दिला जातो आणि फार थोडे लोक पाळतात. युरोपीय संघाने नियम करून बहुतेक घरगुती उपकरणांच्या साध्या स्टँडबाय अवस्थेवर २०१० पासून १ वॅटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. उपकरणाच्या रचनेतच बचत आल्यावर वापरणाऱ्याला काही करावे लागले नाही.

दुरुस्ती हा तुलनेने दुर्लक्षित प्रकार आहे. मार्टिने पोस्टमा हिने २००९ मध्ये ॲम्स्टरडॅमला पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. बिघडलेली वस्तू घेऊन यायचे आणि जाणत्या स्वयंसेवकाच्या मदतीने ती स्वतः दुरुस्त करायची, अशी त्याची रीत. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही विद्युत उपकरणांवर ती किती सहज दुरुस्त होतात याचे दहापैकी गुण छापावे लागतात.

हरित म्हणून खपणाऱ्या वस्तूचा हिशेब कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंत करावा लागतो, आणि तो कधी कधी अडचणीचा निघतो. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा हवामानावरचा भार कमी ठरायला कापडी पिशवी किमान १३१ वेळा वापरावी लागते. हा आकडा फक्त हवामानापुरता. नाल्यात आणि समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचा त्यात विचार नाही. तरीही प्रत्येक समारंभात नवी कापडी पिशवी वाटणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा. कार्यक्षमता वाढली की वापरही वाढतो, हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स याने कोळशाबाबत १८६५ मध्येच दाखवून दिले होते; स्वस्तात जळणारे दिवे रात्रभर चालू राहतात ते यामुळेच. ‘विघटनशील’ असा शिक्का असलेल्या पॉलिलॅक्टिक ॲसिडच्या (वनस्पतींपासून केलेल्या प्लास्टिकच्या) पेल्यांचा हिशेबही कापडी पिशवीसारखाच अडचणीचा. ते कुजायला कंपोस्ट कारखान्यातील सुमारे ६० अंशांचे तापमान लागते. घरच्या खतखड्यात ते तितक्या सहजी कुजत नाहीत आणि प्लास्टिकच्या पुनर्वापरात मिसळले तर तोही माल बिघडवतात.