टांझानियातील डिजिटल लसीकरण नोंदींचे मूल्यमापन: परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

2013 मध्ये सुरू झालेल्या 'बिड' (बेटर इम्युनायझेशन डेटा, म्हणजे लसीकरणाची अधिक चांगली माहिती) या उपक्रमातून टांझानिया आणि झांबिया या देशांत बालकांच्या लसीकरणाच्या इलेक्ट्रॉनिक नोंदवह्या उभ्या राहिल्या. अशी नोंदवही कितपत विश्वासार्ह आहे, हे बाहेरच्या संशोधकाला तपासायचे असेल, तर टांझानियात एकाच परवानगीवर भागत नाही.

परदेशी संशोधक अर्ज करू शकतो, मात्र त्याच्यासोबत स्थानिक सहसंशोधक असावा लागतो. नैतिक मान्यतेचा अर्ज राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेकडे आणि संशोधन परवान्याचा अर्ज विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाकडे, म्हणजे 'कॉस्टेक'कडे करावा लागतो. या दोन्ही गोष्टी हातात आल्या म्हणजे आरोग्य केंद्राचे दार उघडले, असे समजू नये. सरकारी केंद्रांचा कारभार प्रादेशिक प्रशासन व स्थानिक शासन विभागाच्या अखत्यारीत असल्याने त्याचे पत्र आणि पुढे प्रांत व जिल्हा पातळीवरची परवानगीही मिळवावी लागते. झांझिबारची आरोग्यव्यवस्था स्वतंत्र असल्यामुळे तेथील अर्जही वेगळा असतो.

अर्जासोबत संशोधन आराखडा, संशोधकांचे परिचयपत्र, स्थानिक संस्थेचे पत्र, खर्चाचा अंदाज आणि इंग्रजी व स्वाहिली अशा दोन्ही भाषांतील संमतीपत्र जोडावे. माहिती देशाबाहेर न्यायची असेल, तर माहिती हस्तांतरणाचा करारही लागतो.

सर्वांत जास्त वेळ आराखड्यावर खर्च करावा, असे माझे मत आहे. 'नोंदवहीची गुणवत्ता तपासू' एवढे लिहून चालत नाही. कोणती नोंद कशाशी ताडून पाहणार, हे त्यात स्पष्ट हवे. पाच आजारांपासून संरक्षण देणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीचे डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना देतात. एखाद्या बाळाचा तिसरा डोस आईजवळच्या कार्डावर एका तारखेला, केंद्राच्या कागदी रजिस्टरमध्ये त्याच तारखेला, पण टॅबलेट संगणकावरील इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत आठवडाभरानंतर दिसत असेल, तर डोस उशिरा दिला गेला की नोंद उशिरा झाली, हे केवळ संगणकातील माहितीवरून ठरवता येत नाही. जन्मतः नाव न ठेवलेल्या बाळाची नंतर नव्या नावाने पुन्हा नोंद झाली, तर एकाच बाळाची दोन बालके होतात आणि लसीकरणाची टक्केवारी बिघडते. म्हणून कार्ड आणि कागदी रजिस्टर पाहण्याची परवानगी अर्जातच मागावी. नंतर ती जोडायची म्हटल्यास आराखड्यातील बदलासाठी पुन्हा मान्यता घ्यावी लागते.

नोंदी करणाऱ्या परिचारिकांच्या मुलाखती घ्यायच्या असतील, तर त्याही अभ्यासातील सहभागी ठरतात. वरिष्ठांनी होकार दिला तरी परिचारिकांची वैयक्तिक संमती घ्यावीच लागते, शिवाय त्यांची उत्तरे त्यांच्या वरिष्ठांपर्यंत पोहोचणार नाहीत याची व्यवस्था आराखड्यात दाखवावी.

नैतिक मान्यता आणि कॉस्टेकचा परवाना यांची मुदत साधारणपणे 1 वर्षाची असते, त्यामुळे लांबणाऱ्या अभ्यासाने नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच द्यावा. शोधनिबंध प्रसिद्ध करण्यापूर्वीही राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेची अनुमती घ्यावी लागते, तेव्हा तो अवधी वेळापत्रकात आधीच धरून ठेवावा.