वाक्यांचा तक्ता कधी मिळणार?

आमच्या स्पोकन इंग्लिशच्या वर्गाला नाव घातलं की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, सेंटेन्स पॅटर्नचा तक्ता कधी देणार?" कर्ता, क्रियापद, कर्म हे तुम्हाला शाळेपासून पाठ आहे आणि त्याचे मार्कही मिळून गेलेत. फी घेऊन पुन्हा तोच फळा दाखवणं आम्हाला पटत नाही, म्हणून तक्ता सुरुवातीला देत नाही.

अडतं ते दुसरीकडेच. इंग्रजी वाक्याचा साचा बहुतेक वेळा त्यातलं क्रियापद ठरवतं. 'मला सांगा', 'मला समजावून सांगा', 'मला सुचवा' या तिन्हींत आपलं 'मला' निमूट बसतं. इंग्रजीत 'टेल मी' चालतं, पण 'एक्सप्लेन मी' चालत नाही. तिथे 'एक्सप्लेन इट टू मी' म्हणावं लागतं. 'सजेस्ट मी अ गुड डॉक्टर' हेही नाही. 'कॅन यू सजेस्ट अ गुड डॉक्टर?' एवढंच पुरतं. 'डिस्कस अबाउट' तर वर्गात रोज ऐकू येतं, कारण आपण कशा ना कशा'बद्दल' चर्चा करतो. 'डिस्कस'नंतर थेट विषय येतो, 'टॉक'ला मात्र 'अबाउट' लागतं. इंग्रज कोशकार ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना त्यांना विद्यार्थ्यांची हीच गरज दिसली. १९४२ साली टोकियोत निघालेल्या त्यांच्या शब्दकोशात म्हणूनच क्रियापदांचे २५ साचे दिलेले होते.

आता विनंती. शब्दार्थाची वही पाठ करून येऊ नका. 'एक्सप्लेन म्हणजे स्पष्ट करणे, डिस्कस म्हणजे चर्चा करणे' अशी पानंच्या पानं भरून लोक येतात, मेहनत दिसते, आणि पहिले दोन आठवडे ती मेहनत खोडण्यात जातात. अर्थ बरोबर असतो, पण शब्द एकटा लिहिलेला असतो. त्याचा सगळा लवाजमा लिहा: 'एक्सप्लेन समथिंग टू समवन'. वीसच शब्द लिहा, पण असे लिहा. या वह्या आम्ही स्वतः तपासतो, त्यासाठी वेगळे पैसे नाहीत.

दुसरी तक्रार आमच्या रेकॉर्डिंगबद्दल येते. "यात व्याकरण चुकलंय," म्हणतात. 'वॉन्ट सम टी?', 'सीन माय कीज?', 'साउंड्स गुड.' कर्ता कुठे गेला? समोरच्याला तो कळलेलाच असतो, म्हणून गिळला जातो. 'जेवलास?' विचारताना आपण तरी 'तू' कुठे लावतो? फरक इतकाच की आपल्या क्रियापदातून कर्ता कळतो आणि इंग्रजीत सहसा कळत नाही, त्यामुळे ही सूट घरगुती बोलण्यापुरती. हॉटेलच्या काउंटरवर पाहुण्याला 'वुड यू लाइक सम टी?' असंच विचारायचं. आमच्याकडे रिसेप्शनवर काम करणारे बरेच जण येतात, त्यांच्याकडून हे वेगळं घोटून घेतो.

काही वाक्यं तर चुकीची नसूनही परकी वाटतात. 'मला वाटतं तो येणार नाही' याचं 'आय थिंक ही विल नॉट कम' केलंत तर व्याकरण तुम्हाला काही म्हणणार नाही, पण रोजच्या बोलण्यात 'आय डोन्ट थिंक ही विल कम' येतं. नकार आधीच 'थिंक'पाशी सरकतो. तसंच 'रेन इज फॉलिंग' कळतं सगळ्यांना. बोलतात मात्र 'इट्स रेनिंग', आणि त्या 'इट'चा मराठी अर्थ शोधत बसू नये. तो नाहीच.

पहिला तास विनामूल्य आहे. येताना कामाच्या ठिकाणी तुम्हाला खरोखर बोलावी लागणारी दहा वाक्यं मराठीत लिहून आणा. ऑफिसातली, दवाखान्यातली, दुकानातली, कुठलीही चालतील. वर्ग तिथूनच सुरू होतो. तक्ता हवाच असेल तर शेवटच्या आठवड्यात मागा, झेरॉक्स काढून ठेवलेली आहे.