दोनशे पाहुणे, चार गिऱ्हाईकं

कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये शिरलेला माणूस चप्पल हातात घेतो, वाकवून बघतो, चामड्याचा वास घेतो, पायात घालून चार पावलं चालतो आणि मग दरावर येतो. त्याच दुकानाच्या वेबसाइटवर शंभर जण आले तर खरेदी करणारे बहुधा दोन-तीनच निघतात. उरलेल्यांना कसं थांबवायचं, यावर सल्ल्यांची कमतरता नाही: बटण हिरवं करा, फोटो मोठे लावा, सूट ठळक लिहा. यातलं खरं काय, हे तपासायचं शास्त्र आहे. लहान दुकानदारानं मात्र त्या शास्त्राची ताकद आणि मर्यादा दोन्ही समजून घ्यायला हव्यात, कारण त्याचा पैसा आणि वेळ थोडाच असतो.

समजा, एका साइटवर रोज 200 जण येतात आणि त्यातले 2 टक्के, म्हणजे सरासरी 4 जण चप्पल घेतात. म्हणून रोज 4 ऑर्डरी येतील असं नाही. संभाव्यतेच्या गणितानुसार अशा सरासरीभोवतीचा चढउतार साधारण 2 चा असतो. काहीही न बदलता एखाद्या दिवशी 1 ऑर्डर येईल, एखाद्या दिवशी 7. सोमवारी बटणाचा रंग बदलला आणि मंगळवारी 7 ऑर्डरी आल्या, की श्रेय रंगाला जातं. त्यात नवरात्र किंवा लग्नसराई जवळ आली असेल तर ‘आधी किती, नंतर किती’ ही तुलना आणखीच फसवी ठरते.

हा पेच शेतीत फार पूर्वी सुटला. इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेड संशोधन केंद्रात 1919 साली रुजू झालेल्या संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्यासमोर प्रश्न होता, पीक वाढलं ते खतामुळे की मुळात चांगल्या जमिनीमुळे? त्यांचा उपाय असा: रानाचे लहान लहान तुकडे पाडा आणि खत कुठल्या तुकड्याला घालायचं ते निव्वळ योगायोगावर सोडा. मग जमिनीचा कस दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. वेबसाइटची ए-बी चाचणी म्हणजे हेच. येणाऱ्यांपैकी निम्म्यांना जुनं पान, निम्म्यांना नवं, आणि कोणाला कुठलं ते यंत्र ठरवणार. 2012 साली बिंग या शोधयंत्रानं जाहिरातींच्या शीर्षकाच्या मांडणीत किरकोळ बदल करून तो असाच तपासला, आणि उत्पन्न 12 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं.

पण बिंगकडे माणसांचा लोंढा होता. आपल्या चप्पलविक्रेत्याचा हिशोब करू. खरेदीचं प्रमाण 2 वरून 2.5 टक्क्यांवर गेलं, हे भरवशानं सांगायचं तर प्रत्येक बाजूला जवळपास 14,000 माणसं लागतात. (नसलेला फरक दिसण्याची शक्यता 5 टक्के आणि असलेला फरक सापडण्याची 80 टक्के, ही नेहमीची अट धरून.) रोज 200 जण येत असतील तर 140 दिवस! तोवर रोज आकडे बघून ‘आज पुढे आहे, थांबवू या’ असं केलं, तर योगायोगालाच शोध समजण्याची शक्यता कितीतरी वाढते. म्हणून लहान दुकानदाराला रंगांच्या चाचण्या विकणाऱ्यांचं मला पटत नाही.

त्यापेक्षा गिऱ्हाईक कुठे अडतं ते शोधावं. उदाहरणादाखल, 1,000 जण आले, 400 जणांनी एखादी चप्पल उघडून पाहिली, 60 जणांनी पिशवीत टाकली, 20 जणांनी पैसे भरले. चप्पल पसंत पडूनही 40 जण शेवटच्या टप्प्यावरून निघून गेले. त्यातले 10 जरी थांबले तरी जाहिरातीवर एक रुपयाही न वाढवता विक्री दीडपट होते.

ते का गेले, हे आकडे सांगत नाहीत, माणसं सांगतात. संगणक वापरायला सोपा कसा करावा याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉवर यांनी 1993 मध्ये मांडलेल्या गणितानुसार एक वापरकर्ता सरासरी 31 टक्के अडचणी उघड करतो, आणि पाच जणांत सुमारे 85 टक्के बाहेर येतात. साइट कधी न पाहिलेल्या पाच जणांच्या हातात फोन द्यावा, ‘वडिलांसाठी एक कापशी चप्पल मागवा, मनात येईल ते बोलत राहा’ एवढंच सांगावं आणि गप्प बसावं. मध्येच मदत करायची नाही, हे सगळ्यात अवघड.

चपलेच्या बाबतीत माझा पहिला संशय नंबरावर आहे. बुटाचा 8 नंबर म्हणजे कोल्हापुरीचा कितवा? अंगठा पट्ट्यात बसेल का? चामडं वापरून किती सैलावेल? तिथे ‘कागदावर पाय ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा’ असं चित्रासह सांगणारा तक्ता हवा.

दुसरी अडचण विश्वासाची. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं, की घेणाऱ्याला अस्सल आणि नकली ओळखता येत नसेल तर तो अस्सललाही सरासरीचाच भाव देऊ करतो, आणि चांगला माल बाजारातून हटू लागतो. या विषयातल्या कामासाठी त्यांना 2001 चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं, खिळा न मारता वादीनं घातलेली शिवण, हे फोनवरच्या फोटोत रेक्झिनच्या जोडासारखंच दिसतं. इतक्या कष्टाच्या कामाचं हे नुकसान मला फार लागतं. कोल्हापुरीला 2019 साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. ज्यांची त्यात नोंदणी आहे त्यांनी ते किमतीच्या शेजारीच दाखवावं. शिवताना काढलेला छोटा व्हिडिओ आणि बिनशर्त बदलून देण्याची हमी त्याहून परिणामकारक, कारण नकली माल विकणाऱ्याला अशी हमी परवडत नाही.

डिलिव्हरीचा खर्च शेवटच्या पानावर उगवणं, ‘फक्त 2 जोड शिल्लक’ अशी खोटी घाई करणं, न मागितलेली वस्तू पिशवीत सरकवणं, यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2023 मध्येच बंदी घातली आहे. अशा 13 प्रकारांची यादी मार्गदर्शक तत्त्वांत आहे. एकूण रक्कम पहिल्याच पानावर लिहावी.

एवढं केल्यावर चाचणीकडे पुन्हा वळता येतं. मोठा अडसर दूर होऊन खरेदी 2 वरून 4 टक्क्यांवर जाणार असेल, तर तो फरक पकडायला प्रत्येक बाजूला सुमारे 1,150 माणसं पुरतात. रोज 200 येणाऱ्या दुकानात ती 12 दिवसांत भरतात.