वेबपेजवरची चंद्रकोर: एका लंबवर्तुळाची गोष्ट

चंद्राचा अर्धा गोल कायम उजळलेला असतो, पण आपण तो दर रोज वेगळ्या कोनातून पाहतो. म्हणून उजेड आणि अंधार यांमधली सीमारेषा अर्ध्या लंबवर्तुळासारखी दिसते. हे लंबवर्तुळ ब्राउझरकडून कसं काढून घ्यायचं, हाच वेबपेजवर चंद्राची कला दाखवण्याच्या कामातला मूळ प्रश्न.

गणित आधीपासून तयार होतं. बेल्जियमच्या झाँ मेउस यांनी १९७० च्या दशकाअखेरीस कॅल्क्युलेटरवर चालतील अशी सूत्रं दिली आणि १९८७ मध्ये जॉन वॉकर यांचा ‘मूनटूल’ हा प्रोग्राम सन कंपनीच्या वर्कस्टेशन संगणकांवर चंद्र दाखवू लागला. वेब आलं तेव्हा मात्र ब्राउझर चित्र दाखवू शकत होता, काढू शकत नव्हता. त्यामुळे तयार जिफ चित्रांचा संच ठेवायचा, एखाद्या ठरलेल्या अमावास्येपासूनचे दिवस चांद्रमहिन्याच्या लांबीने, २९.५३०५८८ ने, भागायचे आणि बाकीवरून चित्र निवडायचं. पण हा महिना सरासरीचा आहे. खरी अमावास्या त्यापासून १४ तासांपर्यंत सरकते, म्हणजे अर्ध्या तिथीहून जास्त. पंचांग शेजारी ठेवलं की चूक लगेच कळते.

२००१ मध्ये एसव्हीजी, म्हणजे रेषा-वक्रांचं वर्णन लिहून चित्र काढण्याची पद्धत, प्रमाणित झालं, २००४ मध्ये ॲपलने कॅनव्हास, म्हणजे प्रोग्रामने चित्र रंगवण्याची पाटी, आणलं. सर्व मोठ्या ब्राउझरांवर दोन्ही चालायला मात्र २०११ उजाडलं. मधल्या काळातली एक युक्ती अजून टिकून आहे: पिवळ्या वर्तुळावर तेवढंच काळं वर्तुळ सरकवायचं. पानाची सजावट ठरवणाऱ्या सीएसएसच्या आतल्या सावलीनेही तेच होतं. ही कोर ग्रहणातली आहे, कलेची नव्हे. कलेची दोन्ही टोकं नेहमी व्यासाच्या दोन टोकांवरच असतात.

एसव्हीजीत हे दोन कंसांत होतं. त्रिज्या ५० धरली तर वरून खाली उजवीकडून अर्धवर्तुळ, मग खालून वर लंबवर्तुळाचा कंस. त्याची आडवी त्रिज्या ५० गुणिले चंद्र-सूर्य अंतराच्या (आकाशात दोघांमध्ये दिसणाऱ्या कोनाच्या) कोज्येचं, म्हणजे कोसाइनचं, धन मूल्य. शुक्ल पक्षात कोर असताना या कंसाचा स्वीप (कंस कोणत्या दिशेने वळवायचा ते सांगणारा आकडा) शून्य, अष्टमीनंतर एक. ९० अंशांना ही त्रिज्या शून्य होते आणि प्रमाणकानुसार कंसाची सरळ रेघ होते, हवी तशीच.

प्रकाशित भाग कोनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. शुद्ध पंचमी संपते तेव्हा अंतर ६० अंश असतं. सरळ भागाकार ३३ टक्के सांगतो, खरं उत्तर २५: एकातून कोज्या वजा करून निम्मं करायचं.

शुक्रासाठी हेच सूत्र उचलणं ही नेहमीची घसरण. तो सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे चित्रात तो कधीच १६ टक्क्यांपुढे उजळणार नाही. गॅलिलिओने १६१० मध्ये तर जवळजवळ पूर्ण बिंबापासून कोरीपर्यंतचा शुक्र पाहिला होता. इथे ग्रहापाशी सूर्य आणि पृथ्वी यांमध्ये होणारा कोन लागतो, आणि बिंबाचा आकारही बदलावा लागतो, सुमारे १० ते ६० विकलांपर्यंत (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग).

राहिला कल. महाराष्ट्रातून संध्याकाळची कोर बरीचशी होडीसारखी आडवी दिसते. उभी काढलेली कोर इथल्या आकाशाशी जुळत नाही. प्रकाशित कडेच्या स्थानकोनातून (ती कड बिंबाच्या उत्तरेपासून किती अंशांवर आहे, त्यातून) स्थानिक आकाशाचा कल (बिंबापाशी उत्तर दिशा आणि डोक्यावरच्या बिंदूची दिशा यांमधला कोन) वजा करून चित्र फिरवावं लागतं. खगोलशास्त्रात हे कोन उत्तरेकडून पूर्वेला, म्हणजे घड्याळाच्या उलट मोजतात, आणि एसव्हीजीची फिरवण्याची आज्ञा, रोटेट, चित्र घड्याळाच्या दिशेने फिरवते. चिन्ह बदलायचं राहिलं की कोर भलत्याच बाजूला झुकते.